पोलादाच्या पोटातला गंधक

तुमसरहून उत्तरेला गोबरवाहीच्या दिशेनं निघालं की धानाची खाचरं मागे पडत जातात आणि टेकड्या सुरू होतात. या टेकड्यांच्या पोटात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी आहेत. चिखल्याची खाण भुयारी, तर डोंगरी बुजुर्गची खुली. दोन्ही ‘मॉयल’च्या, म्हणजे 1962 साली स्थापन झालेल्या आणि नागपुरात मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीच्या. त्याआधी या पट्ट्यातल्या खाणी इंग्रज कंपनीच्या हातात होत्या. इथला दगड काळा आणि उचलताना दचकायला लावील इतका जड असतो. काही जातींचा दगड हातात घेतला तर काजळी लागावी तशी बोटं काळी होतात.

तेलशुद्धीकरण कारखान्यातल्या स्टेनलेस स्टीलला गंधक कसा खातो, या प्रश्नाचा भंडारा जिल्ह्याशी काय संबंध, असं कोणालाही वाटेल. तो कारखाना मुंबईत माहुलला, समुद्राकाठी. भंडाऱ्यात तेलाचा थेंब नाही. पण पोलाद आणि गंधक यांच्या भांडणात मध्यस्थी करणारा जो धातू आहे, तो या टेकड्यांतून निघतो. आणि त्या मध्यस्थीची जी किंमत पोलादाला मोजावी लागते, तिच्यातूनच गंजाची ही सगळी गोष्ट उलगडते.

आधी हा दगड इथे आला कसा ते पाहू, कारण ते मला या साऱ्यात सर्वात विलक्षण वाटतं. तुमसर, रामटेक, बालाघाट हा सगळा पट्टा एके काळी समुद्राच्या तळाशी होता. ही गोष्ट शंभर कोटी वर्षांहून जुनी आहे. मँगनीजचा एक स्वभाव आहे: प्राणवायू नसलेल्या पाण्यात ते विरघळून राहतं, आणि प्राणवायू भेटला की त्याचं ऑक्साइड होऊन तळाशी बसतं. त्या समुद्राच्या खोल, प्राणवायूहीन पाण्यातलं मँगनीज उथळ भागात आलं, तिथे प्राणवायू मिळाला आणि गाळावर काळे थर साचत गेले. पुढे तो गाळ दाबला गेला, तापला, दुमडला. भूवैज्ञानिक लुईस ली फर्मोर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खाणी पायाखाली घातल्या आणि 1909 मध्ये भारतातल्या मँगनीजवर भलामोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. इथल्या मँगनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटीच्या खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिलं. जगभरच्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत आज ते नाव आहे.

आता दुसरा समुद्र. आखाती देशांतलं बरंचसं क्रूड ज्या खडकांत तयार झालं आणि साठलं, ते सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रांतले. तिथेही तळाशी प्राणवायू नव्हता. प्राणवायू नसला की काही जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. हाच तो सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. त्या चिखलात लोह भरपूर असतं तर गंधक लोहाला चिकटून खनिज बनून राहिला असता. पण चुनखडीच्या समुद्रात लोह कमी. म्हणून गंधक मेलेल्या शेवाळांच्या अवशेषांत शिरला आणि त्यांच्याबरोबर तेलात उतरला. आखातातल्या जड क्रूडमध्ये शेकडा दोन-तीन भाग गंधक असतो तो असा. आपल्या मुंबई हायचं क्रूड त्या मानानं फारच गोडं. त्यात गंधक नाममात्र.

म्हणजे एका समुद्रात प्राणवायू आला म्हणून मँगनीज साचलं, आणि दुसऱ्या समुद्रात प्राणवायू नव्हता म्हणून तेलात गंधक राहिला. मधे कोट्यवधी वर्षांचं अंतर. या दोघांची गाठ पडते ती पोलादात.

वितळलेल्या लोखंडात गंधक असतोच. दगडी कोळशातून येतो, कोकमधून येतो. एका टनात दोनशे-तीनशे ग्रॅम, म्हणजे म्हटलं तर काहीच नाही. पण लोखंड गोठताना तो लोखंडात मुरत नाही. शेवटपर्यंत पातळ राहणाऱ्या रसाबरोबर कणाकणांच्या मधल्या सीमांवर जाऊन बसतो आणि तिथे आयर्न सल्फाइडचे पापुद्रे तयार होतात. लोखंड आणि आयर्न सल्फाइड यांचं मिश्रण 988 अंशांनाच वितळतं. पोलाद लाटायचं, ठोकायचं तर ते अकराशे-बाराशे अंशांना तापवावं लागतं. म्हणजे लाटायच्या वेळी बाहेरून घट्ट दिसणाऱ्या लोखंडाच्या आत कणांमधले सांधे पातळ झालेले असतात. रुळाखाली घातलं की ते तुकडे तुकडे होऊन फाटतं.

1856 साली हेन्री बेसेमर यांनी वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून स्वस्तात पोलाद करण्याची रीत जाहीर केली. ज्यांनी तिचे हक्क विकत घेतले त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती ठिसूळ माल आला. त्याला फॉस्फरस कारण होता, अडकलेला प्राणवायू होता आणि गंधकही. रॉबर्ट मशेट यांनी त्याच वर्षी त्या रसात मँगनीज असलेलं जर्मन कच्चं लोखंड घालून पाहिलं. मँगनीजनं प्राणवायू ओढून घेतला आणि गंधकालाही. मँगनीजला गंधकाची ओढ लोखंडापेक्षा जास्त. त्यातून होणारं मँगनीज सल्फाइड सोळाशे अंशांच्या वरच वितळतं. त्यामुळे सांध्यांतल्या पातळ पापुद्र्यांच्या जागी घट्ट, वेगवेगळे, सुटे कण राहतात. गंधक पोलादातून गेलेला नसतो, बांधला गेलेला असतो. मँगनीजचा अणू 55 वजनाचा, गंधकाचा 32. म्हणून वजनानं गंधकाच्या पावणेदोनपट मँगनीज तरी हवंच आणि वर थोडं राखीव.

फॉस्फरसची अडचण यानं सुटली नाही, तिला वेगळा इलाज लागला. पण मँगनीजशिवाय पोलाद होत नाही हे तेव्हापासून पक्कं झालं. आजही जगातल्या मँगनीजपैकी सुमारे नव्वद टक्के पोलादातच जातं. विसाव्या शतकाच्या आरंभी मध्य प्रांतातलं मँगनीज बोटींतून युरोप-अमेरिकेच्या भट्ट्यांकडे जात होतं. रशियाच्या बरोबरीनं भारत जगातल्या सर्वात मोठ्या पुरवठादारांत होता. 1933 मध्ये विशाखापट्टणमचं बंदर सुरू झालं, त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी एक होतं मध्य प्रांतातलं हे मँगनीज. तुमसरच्या टेकड्यांतला दगड बाहेर काढायला पूर्वेकडच्या किनाऱ्यावर बंदर बांधावं लागलं, हे तुमसरच्या शाळेत मुलांना सांगायला हवं असं मला फार वाटतं.

पोलादात गंधक कुठे कुठे दडला आहे ते डोळ्यांनी पाहता येतं. त्याची रीत शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे. पोलादाचा तुकडा कापून घासून गुळगुळीत करायचा. फोटोचा कागद सौम्य गंधकाम्लात भिजवून त्यावर दाबायचा. आम्ल सल्फाइडच्या कणांवर पोचलं की तिथून हायड्रोजन सल्फाइडचा बारीकसा फुटवा निघतो आणि कागदातल्या चांदीच्या क्षाराला काळपट तपकिरी करतो. काही मिनिटांनी कागद उचलला की त्यावर पोलादाच्या पोटातल्या गंधकाचा नकाशा उमटलेला असतो: मध्यभागी दाट, कडेला विरळ, लाटलेल्या दिशेनं ओढलेल्या रेघा. कॅमेरा नाही, भिंग नाही. गंधकानं स्वतःच काढलेलं स्वतःचं चित्र.

हे चित्र मनात ठेवून पुढे जाऊ, कारण त्या ठिपक्यांतला प्रत्येक ठिपका कामाचा आहे. कधी उपयोगाचा, कधी घाताचा. उपयोगाचा असाही: लेथवर झटपट कापायच्या पोलादात गंधक मुद्दाम जास्त घालतात. मँगनीज सल्फाइडचे कण मऊ असतात, त्यामुळे छिलका लांब न गुंडाळता तुटून पडतो आणि हत्यार टिकतं. भंडारा रोड स्टेशनला लागून असलेल्या वरठीला सनफ्लॅगचा विशेष पोलादाचा कारखाना आहे. गाड्यांचे सुटे भाग जिथे घडतात त्या प्रत्येक शेडमध्ये गंधकाचं हे प्रमाण हा रोजच्या हिशेबाचा विषय असतो.

घाताचा कसा, ते स्टेनलेसमध्ये दिसतं. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. आपल्या ओळखीच्या 304 जातीत 18 ते 20. हे क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी मिळून पृष्ठभागावर एक पापुद्रा धरतं. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन-तीन भाग, एवढीच त्याची जाडी. ओरखडा पडला तरी क्षणात पुन्हा जुळतो. सारं स्टेनलेस या पापुद्र्याच्या जिवावर टिकतं. पण जिथे मँगनीज सल्फाइडचा कण पृष्ठभागावर उघडा पडतो, तिथे तो पापुद्रा नीट धरत नाही. खारट पाणी आलं की कण विरघळू लागतो, त्यातून गंधकाची संयुगं सुटतात, आसपासचं पाणी आम्ल होतं आणि क्लोराइड आत घुसतं. टाचणीच्या टोकाहून लहान भोक पडतं. एकदा पडलं की आतलं पाणी आणखी आम्ल होतं, आणखी क्लोराइड ओढतं, भोक खोल जातं. वरून भांडं लखलखीत दिसतं आणि तळाला पाणी पाझरतं. लोणचं चिनी मातीच्या बरणीत घालावं, स्टीलच्या डब्यात नको, या आजीच्या आग्रहामागे हे रसायन आहे. मीठ आणि आंबट, दोन्ही एकत्र.

2002 मध्ये ‘नेचर’मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं की या कणांच्या भोवती अगदी अरुंद पट्ट्यात क्रोमियमच कमी पडलेलं असतं. पुढे काही जणांना आपल्या नमुन्यांत तसा पट्टा सापडला नाही, आणि वाद झाला. स्टेनलेस शोधलं गेलं त्याला तोवर नव्वद वर्षं होत आली होती. रोज हातात असलेल्या वस्तूचा गंज नेमका कुठल्या कणाच्या कुठल्या कडेला सुरू होतो, यावर माणसं अजून भांडत होती. मला हे फार सुंदर वाटतं.

भंडाऱ्याची ओळख पितळेच्या भांड्यांची. त्या भांड्यांची जागा बाजारात स्टेनलेसनं घेतली तेव्हा त्यातही मँगनीजच आलं. निकेल महाग, म्हणून भारतात निकेलचा बराच वाटा मँगनीजनं भरून काढलेल्या 200 मालिकेच्या स्टीलचा मोठा खप आहे. 202 जातीत मँगनीज साडेसात ते दहा टक्के. गंधक बांधण्यासाठी लागतं त्याच्या कितीतरी पट जास्त. इथे त्याचं काम वेगळंच: लोखंडाच्या अणूंची रचना निकेलसारखी राखून धरणं. ती भांडी घरात बरी टिकतात, पण खारट पाण्यात 304 इतकी नाही.

आता माहुलला जाऊ. ट्रॉम्बेच्या त्या टोकावर 1954 आणि 1955 साली दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, एक स्टॅनव्हॅकचा आणि दुसरा बर्मा-शेलचा. पुढे तेच एचपीसीएल आणि बीपीसीएल झाले. क्रूड तिथे भट्टीत साडेतीनशे अंशांच्या वर तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. या उष्णतेत पाणी नाही, मीठ नाही, तरी गंज आहे. अडीचशे अंशांच्या आसपास गंधक लोखंडावर थेट चढू लागतो आणि नळाच्या आतल्या बाजूला आयर्न सल्फाइडचा काळा थर धरतो. लोखंडाच्या ऑक्साइडचा थरही असाच धरतो, पण सल्फाइडच्या जाळीत लोहाच्या अणूंच्या जागा मोठ्या संख्येनं रिकाम्या असतात. त्या रिकाम्या जागांतून लोखंड आतून बाहेर भराभर सरकतं आणि गंधकाला भेटतं. थर वाढत राहतो, नळ आतून पातळ होत राहतो, तोही सगळीकडे सारखा. भोक नाही, भेग नाही, बाहेरून काही दिसत नाही.

याला उपाय क्रोमियमचाच. पाच टक्के क्रोमियम असलेलं पोलाद साध्याहून पुष्कळ सोसतं, नऊ टक्क्यांचं आणखी, आणि अठरा टक्क्यांचं स्टेनलेस इथे जवळजवळ झिजतच नाही. निकेल मात्र इथे उपयोगी नाही. निकेल आणि त्याचं सल्फाइड यांचं मिश्रण साधारण 640 अंशांनाच वितळतं. म्हणून फार तापणाऱ्या, गंधक असलेल्या जागी निकेल भरपूर असलेले मिश्रधातू टाळतात. मशेटच्या काळी लोखंडाच्या सांध्यांत जे घडत होतं, तेच इथे निकेलच्या वाट्याला येतं.

चिमूटभर फरकानं काय होतं ते 6 ऑगस्ट 2012 रोजी कॅलिफोर्नियातल्या रिचमंडला दिसलं. शेव्हरॉनच्या कारखान्यात क्रूड युनिटमधला साध्या पोलादाचा नळ फुटला. एकोणीस कर्मचारी वाफेच्या ढगात सापडले आणि जिवानिशी सुटले. मग लागलेल्या आगीच्या धुरामुळे परिसरातल्या सुमारे पंधरा हजार लोकांनी उपचार घेतले. फुटलेल्या तुकड्यात सिलिकॉन जवळजवळ नव्हतं. 0.10 टक्क्याहून कमी सिलिकॉन असलेलं पोलाद गंधकापुढे कित्येक पट वेगानं झिजतं. तो तुकडा फुटला त्या जागी मूळ जाडीच्या सरासरी नव्वद टक्के झिजलेला होता, आणि त्याच रांगेतले जास्त सिलिकॉनचे भाग त्या मानानं धड होते. नळ बसवला तेव्हाच्या मानकात सिलिकॉनची किमान अटच नव्हती. दोन्ही तुकडे कागदावर एकच माल.

स्टेनलेस बसवलं की प्रश्न संपला असं वाटेल, तर तो इथे दुसरं रूप घेतो. स्टेनलेस उष्णतेत टिकतं, आणि कारखाना बंद केल्यावर तडकतं. चालू असताना नळाच्या आत सल्फाइडचा पातळ थर बसलेला असतो. दुरुस्तीसाठी युनिट थंड करून उघडलं की हवा आत येते, दमट पाणी येतं, आणि सल्फाइड, प्राणवायू, पाणी मिळून पॉलिथायोनिक आम्लं तयार होतात. जोडकामाच्या जवळ किंवा फार दिवस तापलेल्या भागात पोलादातला कार्बन क्रोमियमला कणांच्या सीमांवर ओढून बसलेला असतो, त्यामुळे सीमेलगत क्रोमियम कमी पडलेलं असतं. आम्ल नेमकं त्या सीमांतून शिरतं. वर्षानुवर्षं आगीत उभा राहिलेला नळ थंड झाल्यावर काही तासांत सीमांवरून चिरत जातो. म्हणून शटडाउनला आधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं आतून नीट धुऊन घेतात आणि तो थर अल्कलीच्या पाण्याखालीच ठेवतात. टिटॅनियम घातलेली 321 जात आणि नायोबियम घातलेली 347 जात यासाठीच आहे; कार्बनला क्रोमियमआधी ते धातू पकडतात. मँगनीजनं गंधकाला धरावं तसंच हेही.

साध्या पोलादाच्या रिकाम्या केलेल्या टाक्यांत आणखी एक धोका असतो. कोरडं, बारीक आयर्न सल्फाइड हवा लागताच आपोआप पेटतं. म्हणून टाकी उघडताना ते ओलं ठेवतात.

आणि आता पुन्हा चिखल्याचं मँगनीज. वसईसमोरच्या समुद्रातल्या वायूत हायड्रोजन सल्फाइड आहे. तो आंबट वायू समुद्राखालच्या नळातून गुजरातच्या हजिऱ्याला जातो आणि तिथे गंधक वेगळा काढतात. असा वायू आणि ओल एकत्र आली की पोलादाच्या पृष्ठभागावर मंद गंज सुरू होतो आणि हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात. एरवी ते जोडीनं वायू होऊन निघून गेले असते. सल्फाइड त्यांना पृष्ठभागावर जोडी जमवू देत नाही. सुटा हायड्रोजन अणू इतका लहान की तो घट्ट पोलादातून चालत जातो. चालता चालता त्याला एखादी पोकळी लागते, आणि पोकळी असते मँगनीज सल्फाइडच्या कणाच्या कडेला. पोलाद लाटताना तो मऊ कण, कणकेत राहिलेला गुळाचा खडा लाटण्याखाली पसरावा तसा, लांब आणि चपटा झालेला असतो. त्याच्या कडेच्या फटीत हायड्रोजनचे अणू जोडीनं जमतात, वायू होतात, आणि वायू झाल्यावर परत बाहेर पडता येत नाही. दाब वाढतो. पोलादाची पाटी आतूनच दोन थरांत फाटते, वर फोड येतो. ताण नसतानाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आखातातली एक नवी आंबट वायूची वाहिनी सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत अशी फाटली, तेव्हा जगभरचे अभियंते या चपट्या कणांकडे वळले.

पोलाद लाटताना फाटू नये म्हणून घातलेलं मँगनीज लाटल्यामुळेच पसरतं आणि त्याच्याच कडेनं पोलाद पुढे फाटतं. उपाय मँगनीज काढून टाकण्याचा नाही, कारण त्याशिवाय पोलादाला बळ येत नाही. म्हणून आंबट वायूसाठीच्या पोलादात गंधकच टनाला वीस ग्रॅमच्या खाली आणतात, मँगनीज थोडं कमी करतात आणि वितळलेल्या रसात कॅल्शियमची तार सोडतात. कॅल्शियमही गंधक धरतं, पण त्याचे कण कडक. लाटताना ते चपटे होत नाहीत, गोलच राहतात. गोल कणाच्या कडेला फट धरत नाही.

अशी पाटी खरोखर टिकेल का, हे तपासायची रीत आजही सरळ आहे. तिचे तुकडे मीठ आणि थोडं ॲसिटिक आम्ल घातलेल्या पाण्यात बुडवायचे, त्यातून हायड्रोजन सल्फाइड सोडत राहायचा आणि 96 तास वाट पाहायची. मग तुकडे काढून आडवे कापायचे, घासायचे, आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक भेगेची लांबी एकेक करून मोजायची.